मराठीच्या वाटेनं कोरियन: घरच्या कामांतून भाषा आणि संस्कृती शिकण्याची पद्धत

कोरियन शिकायला बसलेली बहुतेक मराठी मंडळी पहिल्या दिवसापासून एक मोठा वळसा घेतात. पुस्तक इंग्रजी, ॲप इंग्रजी, उच्चार रोमन अक्षरांत. मग डोक्यात आधी कोरियनचं इंग्रजी होतं, इंग्रजीचं मराठी होतं आणि उत्तर देताना तीच फेरी उलटी. हा वळसा घ्यायचं काहीच कारण नाही. दोन्ही भाषांचं कूळ वेगळं आहे, पण वाक्याची मांडणी, आदरार्थी रूपं, नात्यांची नावं, अगदी घरातून निघताना म्हणायचं वाक्य, या सगळ्यांत कोरियन इंग्रजीपेक्षा मराठीच्या कितीतरी जवळ आहे. म्हणून ही पद्धत मराठीतून थेट कोरियनमध्ये नेणारी आहे, आणि तिचा बराचसा सराव स्वयंपाकघरात, बाजारात आणि टीव्हीसमोर होतो.

पहिला आठवडा फक्त लिपीचा

शब्द, वाक्यं, गाणी सगळं बाजूला ठेवा आणि आधी हंगुल शिका. राजा सेजोंगनं ही लिपी १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर झाली. चिनी अक्षरं शिकणं ज्यांच्या आवाक्याबाहेर होतं, त्या सामान्य लोकांना आपलं म्हणणं लिहिता यावं हा हेतू होता. शहाण्या माणसाला ती एका सकाळीत येईल आणि मंदबुद्धीलाही दहा दिवसांत येईल, असं त्या वेळच्या ग्रंथातच लिहून ठेवलंय. ९ ऑक्टोबर हा दिवस दक्षिण कोरियात हंगुल दिन म्हणून पाळतात.

मूळ अक्षरं २४: चौदा व्यंजनं, दहा स्वर. ती पाठ करू नका, तोंडात शोधा. डावीकडे बघणाऱ्या माणसाचा चेहरा बाजूनं पाहतोय अशी कल्पना करा. ‘क’ म्हणताना जिभेचं मूळ वर उचलून घसा अडवतं. हंगुलमधलं ‘क’ म्हणजे तोच काटकोन: वर आडवी रेघ आणि उजव्या टोकाकडून खाली येणारी उभी रेघ. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक वर टेकतं, म्हणून अक्षर त्याच्या उलट: डावीकडे उभी रेघ, खाली आडवी. ‘म’ म्हणजे तोंडाचा चौकोन. ‘स’ म्हणजे दाताच्या आकाराच्या दोन तिरक्या रेघा. वर्तुळ म्हणजे घसा. ते अक्षरगटाच्या सुरुवातीला मुकं असतं आणि शेवटी आलं तर ‘ङ’ होतं. ‘क’ला एक रेघ वाढवली की ‘ख’. श्वास वाढला की रेघ वाढते, हे कळल्यावर निम्मी व्यंजनं आपोआप लक्षात राहतात.

स्वर त्याहून सोपे. उभ्या रेघेला उजवीकडे छोटी रेघ काढली की ‘आ’, डावीकडे काढली की ‘ऑ’. आडव्या रेघेला वर काढली की ‘ओ’, खाली काढली की ‘ऊ’. छोट्या रेघा दोन केल्या की ‘या, यॉ, यो, यू’. नुसती आडवी रेघ म्हणजे ओठ न गोलावता म्हटलेला ‘उ’. हा स्वर मराठीत नाही, त्यामुळे आरशासमोर उभं राहून ओठ ताणून म्हणायचा.

मग अक्षरं चौकोनात एकत्र बसवायची. व्यंजनं उभी आणि स्वर आडवे मांडून तक्ता केला की आपली बाराखडीच तयार होते. वहीत तो एकदा पूर्ण भरा. त्यानंतर घरातल्या सगळ्यांची नावं हंगुलमध्ये लिहा. ‘व’, ‘भ’, ‘ळ’ लिहिता येत नाही हे तिथेच कळतं, आणि कोरियन माणूस तुमचं नाव कसं उच्चारेल याचा अंदाजही येतो.

वाचनाच्या सरावासाठी कोरियन नूडल्सची, बिस्किटांची पाकिटं आणि कोरियन कॅफेंचे मेनू पुरेसे आहेत. त्यात ‘खॉफी’, ‘आइसुखुरिम’, ‘थेक्शी’, ‘पॉसु’ असे शब्द सापडतात. अक्षरं लावली की कॉफी, आइस्क्रीम, टॅक्सी, बस हे अर्थ लगेच लागतात. लिपी येत असल्याचा पहिला खरा आनंद इथे मिळतो.

फोनवर कोरियन कीबोर्डही याच आठवड्यात घ्या. त्यात व्यंजनं डावीकडे आणि स्वर उजवीकडे असतात. इनस्क्रिप्टमध्ये मराठी टाइप करणाऱ्यांना हे बरोबर उलटं वाटेल, पण दोन दिवसांत हात बसतो.

उच्चार: चंद्र, मुलगी आणि मुखवटा

कोरियनमध्ये ‘त’ तीन प्रकारचा आहे, तसेच ‘क’, ‘प’ आणि ‘च’सुद्धा. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे फार कष्ट पडतात. आपल्याकडे तीनपैकी दोन आवाज तयारच असतात. ‘थाल’ म्हणजे मुखवटा. त्यातला ‘थ’ आपल्या ‘थंडी’तला. ‘त्ताल’ म्हणजे मुलगी. त्यातला ‘त’ आपल्या ‘ताट’मधला, कोरडा आणि घट्ट, किंचित जास्त दाबून म्हटलेला. उरला ‘ताल’ म्हणजे चंद्र. हा सैल, थोडा श्वास सोडत आणि खालच्या सुरात म्हणायचा.

तोंडासमोर कागदाची पट्टी धरा आणि तिन्ही शब्द म्हणा. मुखवट्याला कागद जोरात हलला पाहिजे, मुलगीला अजिबात नाही, चंद्राला थोडासा. हा खेळ मुलांबरोबर खेळायला छान आहे. ‘ज’ नेहमी ‘जेवण’मधला म्हणायचा, ‘जहाज’मधला नाही. ‘च’चंही तसंच.

लिहिलेलं एक आणि ऐकू येतं दुसरंच, अशी तक्रार सगळेच नवशिके करतात. ‘कुक’ म्हणजे रस्सा, ‘मुल’ म्हणजे पाणी. दोन्ही जोडून लिहिलं तर ‘कुकमुल’, म्हणायचं मात्र ‘कुङमुल’. इंग्रजी पुस्तकात यासाठी नियमांचं पान असतं. आपण शाळेत वाक् अधिक मय म्हणजे वाङ्मय आणि जगत् अधिक नाथ म्हणजे जगन्नाथ हे शिकलेलो आहोत. नियम तोच: पुढे अनुनासिक आलं की आधीचं व्यंजन आपल्याच वर्गातल्या अनुनासिकात बदलतं. ‘कामसाहापनिदा’ असं लिहिलेल्या आभाराच्या शब्दाचा ‘कामसाहामनिदा’ होतो तो त्याच नियमानं.

वाक्य: मराठीत विचार करा

हे वाक्य पाहा: ‘चॉनुन ऑजे शिजांग-एसॉ सेङसॉनुल सास्सॉयो.’ शब्दाखाली शब्द ठेवला की मी, काल, बाजारात, मासे, घेतले. क्रम एका जागीही बदलत नाही. क्रियापद शेवटी, आणि प्रत्यय नामाच्या मागे चिकटलेला. ‘सॉउल-एसॉ पुसान-क्काजी’ म्हणजे सोलपासून बुसानपर्यंत. ‘दो’ म्हणजे सुद्धा, ‘पोदा’ म्हणजे पेक्षा. शिवाय लिंग नाही, त्यामुळे घेतला-घेतली-घेतलं अशी रूपं लक्षात ठेवायची नाहीत.

यापुढचं साम्य मला सगळ्यात जास्त आवडतं. आपण ‘खाऊन बघ’ म्हणतो तेव्हा डोळ्यांनी बघायचं नसतं. कोरियनमध्येही ‘मॉगॉ ब्वायो’, म्हणजे ‘खाऊन बघा’, आणि तिथलंही क्रियापद ‘बघणे’च. ‘करून द्या’साठी करणेला ‘देणे’ जोडतात. ‘खाऊन टाकलं’साठी ‘मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो’, आणि हे ‘बॉर्यॉ’ एरवी फेकून देणे या अर्थाचं. ‘करून ठेवलं’साठीही ठेवण्याचंच क्रियापद. ही जोडक्रियापदं वर्गात फार उशिरा शिकवतात. मराठी माणसानं ती दुसऱ्या महिन्यातच उचलावीत, कारण कुठली कधी वापरायची हे कानाला आधीच माहीत असतं.

अडखळायला होतं ते ‘नुन’ आणि ‘गा’ या दोन प्रत्ययांत. दोन्ही कर्त्याला लागतात. ‘चहा तर मी घेतो, कॉफी नाही’ यातल्या ‘तर’जवळ ‘नुन’ जातं: ज्याच्याविषयी बोलायचंय ते वेगळं काढून समोर ठेवायचं. ‘कोण आलंय?’ या प्रश्नाचं नवं उत्तर देताना ‘गा’ लागतं. हा हिशेब सगळीकडे चालत नाही, पण सुरुवातीला पुरतो. बाकीचं ऐकून ऐकून बसतं.

शब्दसंग्रहासाठी एक युक्ती सांगते. कोरियनमधले असंख्य शब्द चिनी मुळांपासून आलेले आहेत आणि मराठीत संस्कृत शब्द जसे जोडून बनतात तसेच ते बनतात. ‘हाक’ म्हणजे विद्या, ‘ते’ म्हणजे महा. त्यातून ‘हाकसेङ’ विद्यार्थी, ‘हाक्क्यो’ शाळा, ‘तेहाक’ महाविद्यालय. सेजोंगच्या नावापुढे ‘तेवांग’ लावतात, म्हणजे महाराज. सुटे शब्द घोकण्यापेक्षा वहीत एकेका मुळाला एक पान द्या आणि नवीन शब्द भेटला की त्या पानावर चढवा. वारांची नावंही अशीच. ‘वॉर-योइल’मध्ये चंद्र आहे, तो सोमवार. ‘इर-योइल’मध्ये सूर्य आहे, तो रविवार. मधले पाचही वार मंगळ ते शनी याच क्रमानं येतात. आजपासूनच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका.

तू, तुम्ही आणि मावशी

नवशिक्यानं प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘यो’ ठेवायचं. हे सभ्य, रोजचं बोलणं. ‘यो’ काढला की ते ‘पानमाल’, म्हणजे अरे-तुरेचं बोलणं होतं. मालिकांमध्ये मित्र, प्रेमिक, भावंडं सगळी पानमालमध्ये बोलतात. नुसतं ऐकून भाषा उचलणारी मुलं तेच साहेबांसमोर बोलून जातात. समोरच्यानं ‘अरे-तुरे चालेल’ असं सांगेपर्यंत ‘यो’ सोडू नका.

‘तुम्ही’ असा शब्द शोधायच्या भानगडीतही पडू नका. पुस्तकात ‘तांगशिन’ सापडेल, पण अनोळखी माणसाला ते म्हणणं भांडणाच्या सुरातलं वाटतं. कोरियन माणूस समोरच्याला नात्यानं किंवा पदानं हाक मारतो. शिक्षकाला ‘सॉन्सेङनिम’, ऑफिसातल्या विभागप्रमुखाला ‘पुजांगनिम’. यातल्या ‘निम’चं काम आपण ‘साहेब’कडून करून घेतो. बरोबरीच्या माणसाच्या नावापुढे ‘स्सी’ लावतात, पण नुसत्या आडनावापुढे लावलं तर उद्धट वाटतं. ओळख होताच वय विचारतात याचंही राग धरण्यासारखं काही नाही, हाक काय मारायची ते त्यावरून ठरतं.

नाती मात्र आपण पटकन शिकतो, कारण इंग्रजीतला एकच ‘अंकल’ मराठीला कधीच पुरत नाही. आईची बहीण ‘इमो’, वडिलांची बहीण ‘कोमो’, आईचा भाऊ ‘वेसामछोन’. मावशी, आत्या, मामा. खाणावळीतल्या बाईंना हाक मारायलाही ‘इमो’ चालतं, आपण भाजीवालीला ‘मावशी’ म्हणतो तसं. एक गोष्ट नव्यानं शिकावी लागते: मोठ्या भावंडासाठीचा शब्द बोलणाऱ्यावर ठरतो. मुलगी मोठ्या भावाला ‘ओप्पा’ आणि मोठ्या बहिणीला ‘ऑन्नी’ म्हणते, मुलगा ‘ह्यॉङ’ आणि ‘नुना’. घरातल्या सगळ्यांचा वंशवृक्ष काढा आणि प्रत्येकासमोर हे शब्द लिहा. स्वतःच्या आईचा उल्लेख ‘उरी ऑम्मा’, म्हणजे ‘आमची आई’ असाच करतात.

दिवसाला चिकटवलेली वाक्यं

वेगळा अभ्यास राहून जातो, पण घरातून बाहेर पडणं राहत नाही. म्हणून वाक्यं रोजच्या कृतींना जोडा. निघताना ‘तान्यॉओल्केयो’ म्हणा. अर्थ ‘जाऊन येते’. ‘जाते’ म्हणायचं नाही हा आपला संकेत तिथेही भेटतो. ताटावर बसल्यावर ‘चाल मॉक्केस्सुमनिदा’, उठताना ‘चाल मॉगॉस्सुमनिदा’, दोन्ही स्वयंपाक करणाऱ्याला उद्देशून. ‘जेवलात का?’ अशी चौकशी कोरियन लोकही सहज करतात: ‘पाप मॉगॉस्सॉयो?’

जेवताना रीतही पाळून बघा. घरातल्या मोठ्यांनी चमचा उचलल्यावर बाकीच्यांनी सुरुवात करायची. भात चमच्यानं खायचा, वाटी टेबलावरच ठेवायची. चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत, कारण ते मृताला दाखवलेल्या नैवेद्याची आठवण करून देतं. मोठ्यांना काही देताना-घेताना दोन्ही हात.

आकडे दोन प्रकारचे आहेत आणि इथे पाठांतराला पर्याय नाही. ‘हाना, तुल, सेत’ हे मूळ कोरियन, ते वस्तू, माणसं, वय आणि तास मोजायला. ‘इल, इ, साम’ हे चिनी वळणाचे, ते मिनिटं, पैसे, तारखा आणि फोन नंबरसाठी. सव्वातीन वाजले असतील तर तीन एका पद्धतीनं आणि पंधरा दुसऱ्या. जिने चढताना एक मालिका आणि उतरताना दुसरी म्हणा. मोठ्या रकमांना दहा हजाराचं एकक ‘मान’ आहे. दहा मान म्हणजे लाख, हजार मान म्हणजे कोटी. ‘मिलियन’मधून हिशेब करत बसू नका, लाखातून सरळ जातो.

मालिका पाहायची कशी

नुसत्या सबटायटलवर सोळा भाग संपवले तर करमणूक होते, भाषा फारशी येत नाही. एक भाग आवडीनं पूर्ण पाहा. मग त्यातला दोन-तीन मिनिटांचा एकच प्रसंग निवडा, शक्यतो घरातला किंवा दुकानातला. पहिल्यांदा सबटायटलसह, दुसऱ्यांदा कोरियन अक्षरांतल्या सबटायटलसह, तिसऱ्यांदा काहीही न लावता पात्राच्या बरोबरीनं बोलत. बोलताना सुरासकट नक्कल करा, लाजू नका. ऐतिहासिक मालिका सुरुवातीला सरावासाठी नकोत, त्यातली दरबारी भाषा आज कोणी बोलत नाही. कोरियन रिॲलिटी आणि गप्पांचे कार्यक्रम मात्र फार उपयोगी. त्यात बोललेलं आणि मनातलंही मोठ्या रंगीत अक्षरांत पडद्यावर उमटत असतं, त्यामुळे वाचन आणि ऐकणं एकदम होतं.

भाषांतरासाठी पापागो हे कोरियन ॲप चांगलं आहे. पण आधी स्वतः वाक्य करायचं आणि मग त्यात तपासायचं, हा क्रम पाळा.

पावसात फाजॉन

पाऊस लागला की आपल्याला कांदाभजी आठवते, कोरियात फाजॉन आठवतं. तव्यावर तेल चरचरतं तो आवाज पावसासारखा लागतो म्हणून, असं तिथले लोक सांगतात. ‘फा’ म्हणजे पातीचा कांदा, आणि हे त्याचं धिरडं. हा पदार्थ संपूर्ण कोरियनमध्ये बोलत करा.

डब्यांवर आधी चिठ्ठ्या लावा. ‘कारू’ म्हणजे पीठ किंवा पूड. त्यावरून गव्हाचं पीठ ‘मिलगारू’, तांदळाचं ‘स्सालगारू’, तिखट ‘कोछुक्कारू’. मीठ ‘सोगुम’, तेल ‘किरुम’, पाणी ‘मुल’. एक वाटी मैद्यात दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, चवीपुरतं मीठ आणि वाटीभर बर्फाचं पाणी घालून पातळसर भिजवा, फार फेटू नका. आठ-दहा पाती बोटभर लांब कापा. तव्यावर सढळ तेल घाला, पाती एका दिशेनं पसरा, वरून पीठ ओता. कडा सोनेरी झाल्याशिवाय उलटू नका, उलटल्यावर उलथन्यानं दाबा. बुडवून खायला दोन चमचे सोया सॉस म्हणजे ‘कानजांग’, एक चमचा व्हिनेगर, थोडे भाजलेले तीळ आणि तिखट. कोरियन तिखट मिळालं नाही तर ब्याडगी घ्या, रंग येतो आणि तोंड भाजत नाही.

या वेळी नादशब्द शिका. कोरियन त्यांनी भरलेली आहे आणि मराठीही. तेलाचं चरचर ‘चिगुल-जिगुल’, रश्शाचं रटरट ‘पोगुल-बोगुल’. छातीची धडधड ‘तुगुन-दुगुन’.

शाकाहारी घरांनी एक लक्षात ठेवावं: बाजारातल्या किमचीत, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या तिखट लोणच्यात, बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. पाकिटावरची यादी वाचा किंवा घरी मीठ, आलं, लसूण, तिखट वापरून करा. चातुर्मास पाळणाऱ्यांना कोरियन बौद्ध मठांतला स्वयंपाक जवळचा वाटेल. त्यात मांस-मासे नसतात आणि कांदा-लसणाच्या वर्गातल्या भाज्याही वर्ज्य असतात. हिवाळ्याच्या तोंडावर शेजारीपाजारी जमून किमची घालतात त्याला ‘किमजांग’ म्हणतात. २०१३ मध्ये ही प्रथा युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली.

सण आपल्याच पंचांगात शोधा

छुसॉक हा सण त्यांच्या आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला येतो. आपल्याकडे ती बहुतेक वेळा भाद्रपद पौर्णिमा असते. आपला पितृपक्ष सुरू होतो तेव्हा तिथेही पूर्वजांना अन्न वाढतात. अधिक महिन्याच्या फरकानं कधी तो कोजागिरीला जातो, २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला दोन्ही एकाच दिवशी होते. त्या दिवशीचं ‘सोङप्यॉन’ म्हणजे तांदळाच्या उकडीत तीळ, बीन्स किंवा चेस्टनटचं सारण भरून, अर्धचंद्राचा आकार देऊन, पाइनच्या पानांवर वाफवलेला पदार्थ. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या हातांना तो वळणं अवघड नाही. उकड थोडी जास्त काढून तिळाचे चार सोङप्यॉन करून बघा. नववर्षाला, म्हणजे सॉल्लालला, धाकटे मोठ्यांना वाकून नमस्कार करतात आणि ‘सेहे पोक मानी पादुसेयो’ म्हणतात, मोठे पैसे देतात.

परीक्षा आणि पुढचं

घरच्या सरावाला दिशा हवी असेल तर टोपिक, म्हणजे कोरियन किती येतं ते तपासणारी परीक्षा, समोर ठेवा. तिच्या सहा पातळ्या आहेत. पहिल्या दोन पातळ्यांच्या टोपिक-१ मध्ये ऐकण्याचे ३० आणि वाचनाचे ४० प्रश्न, १०० मिनिटं, २०० गुण. ८० गुणांना पहिली पातळी, १४० ला दुसरी. पहिलीसाठी साधारण ८०० शब्द लागतात. टोपिक-२ मध्ये लेखनही येतं. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात, त्यामुळे नोकरी किंवा शिष्यवृत्तीसाठी हवी असेल तर वेळ बघून बसा.

महाराष्ट्रात हे कामाला येतं. रांजणगावात एलजीचा कारखाना आहे, माणगावजवळ विळे-भागाडला पोस्कोचा पोलाद कारखाना, आणि तळेगावचा मोटारींचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईनं २०२३ मध्ये केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं माध्यमिक शाळेत शिकवता येतील अशा परदेशी भाषांत कोरियनचं नाव घेतलंय.

वर्ग लावणार असाल तर लिपी घरीच पूर्ण करून जा, म्हणजे पहिले काही तास उच्चारात आणि बोलण्यात जातील. किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, दिल्लीचं कोरियन सांस्कृतिक केंद्र आणि चेन्नईचं इन्को सेंटर यांचे उपक्रमही पाहत जा. शिक्षक निवडताना एका तासाला बसून बघा: विद्यार्थी किती बोलतात ते मोजा. आणि वहीत डावीकडे कोरियन, उजवीकडे मराठी लिहा, मध्ये तिसरी भाषा नको.